टँपाला हरिकेन (मोठं चक्रीवादळ) येतंय, मुलगा तिथं आहे, हा नकाशा वाचायचा कसा?

शहापूरची_काकू
८ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

इथं कोणी फ्लोरिडात आहे काय, नाहीतर हवामानातलं कळणारं कोणीतरी? माझा मोठा मुलगा टँपाला असतो, एकटाच आहे, लग्न व्हायचंय अजून. त्या मिल्टन वादळाचं परवापासनं चाललंय ते ऐकलं असेलच तुम्ही. काल म्हणे एका दिवसात वाढून कॅटेगरी ५ झालं, आज ४ वर आलंय म्हणतात, पण नकाशा उघडला की ती काळी रेघ टँपाच्या अंगावरनंच जाते. सकाळी बघितली तेव्हा जरा वर होती, आता जरा खाली सरकलीय, मग ह्यातलं खरं काय धरायचं? आणि तो पांढरा शंकूसारखा भाग काढलेला असतो, त्याच्या बाहेर असलं की सुटलो, असं असतं काय?

मुलगा म्हणतो आई काही होत नाही, मागच्या महिन्यात हेलन वादळ आलं तेव्हा पण मी घरातच होतो, नुसती लाईट गेली. घर त्याचं बेशोअर का कुठल्या रस्त्याजवळ, खाडी अगदी जवळ, हा दुसऱ्या मजल्यावर. आमचे हे म्हणतात तो इंजिनियर आहे, त्याला कळतंय, तू सारखं फोन करून त्याचं डोकं खाऊ नको. घरात घट बसलेत, नऊ दिवसांचा उपवास आहे माझा, आणि लक्ष सगळं मोबाईलमध्ये. विमानतळ पण बंद केला म्हणे आज. त्याला निघ म्हणून सांगू की नको? यूट्यूबवर बघून बघून डोकं फिरायची वेळ आलीय.

निपाणी_एक्सप्रेस
८ ऑक्टोबर, रात्री ९:५५

काकू टेन्शन घेऊ नका हो, अमेरिका आहे ती. आपल्यासारखं नाही, तिकडं सगळं सिस्टीमनं चालतंय. एक व्हिडिओ टाकतो बघा, वरनं काढलेला, काय डोळा आहे त्या वादळाचा, बघून अंगावर काटा येतोय. आणि डिस्नीचं पार्क पाण्यात गेलेले फोटो पण आलेत आमच्या ग्रुपवर.

नंदगडकर_ऑर्लँडो
८ ऑक्टोबर, रात्री १०:२५

निपाणीकर, डिस्नी आमच्या ऑर्लँडोला आहे आणि मी आत्ता ऑर्लँडोत बसून टाईप करायलोय, बाहेर ऊन पडलंय. वादळ अजून मेक्सिकोच्या युकातानच्या वरच्या अंगाला समुद्रात आहे. ते फोटो एआयनं केलेले आहेत. घाबरलेल्या बाईला असलं काय पाठवता, काढून टाका.

काकू, मी मूळचा नंदगडचा, बरीच वर्षं इकडंच आहे. पहिलं हे करा. मुलाला विचारा तुझा इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर रिकामं करायचा विभाग, कुठला. इकडं प्रत्येक पत्त्याला ए, बी, सी असा झोन दिलेला असतो, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) साईटवर पत्ता टाकला की येतो. टँपा ज्या हिल्सबरो काउंटीत आहे तिथं ए आणि बी दोन्ही झोनवाल्यांना घर सोडायचा हुकूम निघालाय, पलीकडं पिनेलासमध्ये ए, बी, सी तिन्ही. हे झोन वाऱ्यावरनं पाडलेले नाहीत, समुद्राचं पाणी किती आत येईल त्यावरनं पाडलेत. त्याचा ए असेल तर बाकी नकाशा बिकाशा बघायची गरजच नाही, निघायचं.

आता तुमचा शंकू. मायामीला नॅशनल हरिकेन सेंटर आहे, ते काढतात तो. गेल्या पाच वर्षांत त्यांचे अंदाज किती किती चुकले त्या हिशोबानं त्याची रुंदी धरलेली असते, आणि वादळाचा मधला बिंदू साधारण तीनातल्या दोन वेळा त्या शंकूच्या आत राहतो. मधला बिंदू हं. वादळ केवढं मोठं आहे, पाणी कुठं चढणार, पाऊस कुठं पडणार, हे त्या शंकूत काहीच नसतं. म्हणून बाहेर असलं की सुटलो, हे चूक. मधली काळी रेघ तर बघूच नका, प्रत्येक बुलेटिनला ती थोडी इकडं तिकडं हलणारच.

२०२२ ला इयानच्या वेळी हेच झालं. दोन-तीन दिवस आधी रेघ टँपाच्या बाजूला, सगळ्यांचं लक्ष टँपाकडं, आणि वादळ वळून खाली फोर्ट मायर्सजवळ कायो कोस्टा बेटावर धडकलं. तिकडचे कितीतरी लोक, आपण शंकूच्या कडेला आहोत म्हणून घरात बसले होते. फोर्ट मायर्स बीचवर पाण्यानं घरंच्या घरं उचलून नेली.

आणि हेलनला काही झालं नाही म्हणतोय त्याला सांगा, हेलन टँपाला आलंच नव्हतं. ते शंभरावर मैल लांब समुद्रातनं वर गेलं आणि पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागलं. एवढ्या लांबनं गेलं तरी टँपा बेमध्ये सहा-सात फूट पाणी चढलं, पिनेलासमध्ये दहाच्या वर माणसं गेली. ह्यावेळी अंदाज १० ते १५ फुटांचा आहे. खाडीचा भाग उथळ आहे, त्यामुळं वाऱ्यानं ढकललेलं पाणी पसरायला जागा मिळत नाही, ते चढत राहतं. १९२१ नंतर टँपाला मोठं हरिकेन थेट लागलेलं नाही, त्यामुळं तिथल्या लोकांच्या डोक्यात एक बसलंय की आपल्याला लागत नाही.

खानापूरची_वैनी
८ ऑक्टोबर, रात्री १०:५०

काकू, तुमचा जीव कसा होत असेल मला कळतंय. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा मी अशीच मोबाईल घेऊन बसले होते. लॉकडाऊन, गोव्याच्या बॉर्डरवर टेस्टचा रिपोर्ट मागत होते, जायचं म्हटलं तरी जाता येईना. टीव्हीवर सारखं चाललेलं की वादळ गुजरातला धडकणार, आणि खरंच ते दीवजवळ उनाला धडकलं १७ मेच्या रात्री. पण त्याच्या आदल्या दिवशी आमच्या समोरनं समुद्रातनं वर गेलं ना, तेवढ्यात गोठ्याचे पत्रे उडाले, माडाची झाडं विजेच्या तारांवर, लाईट किती दिवस नव्हती विचारू नका. बाबांचा फोन बंद. इथं खानापुरात पण दिवसभर पाऊस आणि वारा. धडकणार गुजरातला म्हणून आम्ही निवांत होतो, तीच आमची फसगत.

म्हणून सांगते, नंदगडकर भाऊ बोलतात ते ऐका. आणि फोन कमी करा त्याला. बॅटरी वाचू दे त्याची, उद्या चार्जिंग मिळेल न मिळेल.

शहापूरची_काकू
८ ऑक्टोबर, रात्री ११:१५

बोलले त्याच्याशी. ए झोनच आहे. तरी म्हणतो मी दुसऱ्या मजल्यावर आहे, पाणी एवढं वर येत नाही, आणि रस्त्यावर सगळा ट्रॅफिक जाम आहे, पेट्रोल पंपावर पेट्रोल नाही, मध्येच कुठं अडकलो तर गाडीत बसून वादळ काढू काय. ते पण खरंच वाटतं हो. अटलांटाला जायचं म्हटलं तर नऊ-दहा तास लागायलेत म्हणे.

नंदगडकर_ऑर्लँडो
८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

अटलांटाला कशाला जायचंय? इथंच लोकांचं चुकतं. पाण्यापासनं पळायचं, वाऱ्यापासनं लपायचं, असं आहे ते. पंधरा-वीस मैल आत, उंचावरच्या पक्क्या घरात गेला तरी झालं, राज्य सोडायची गरज नाही. आतल्या बाजूला ब्रँडन आहे, प्लांट सिटी आहे, तिथं कोणी मित्र नाही काय? कोणीच नसेल तर शाळांमधनं शेल्टर उघडलेत, फुकट आहेत. नाहीतर मला इथं मेसेज करा, माझं घर आहे, पण ऑर्लँडो पण वाटेवर आहे हे सांगून ठेवतो. इथं समुद्र नाही, नुसता वारा-पाऊस.

दुसऱ्या मजल्याचं म्हणाल तर तो बुडणार नाही कदाचित. पण खाली पार्किंगमध्ये दहा फूट खारं पाणी, जिना बंद, लिफ्ट बंद, लाईट नाही, नळ नाही, टॉयलेट नाही, आणि पोटात दुखलं तरी कोणी येणार नाही. वारा साधारण ताशी ४० मैलांच्या वर गेला की ॲम्ब्युलन्स आणि फायरवाले बाहेर पडायचे बंद होतात. टँपाच्या महापौर बाई टीव्हीवर सरळ म्हणाल्या की त्या झोनमध्ये थांबलात तर मराल. इकडचे नेते सहसा एवढं स्पष्ट बोलत नाहीत. हवं तर तो व्हिडिओ त्याला पाठवा, आईचं ऐकत नाहीत पोरं, महापौराचं ऐकतील.

निघायचं तर आज, आत्ता. इकडं दुपारचे दोन वाजलेत. उद्या दुपारनंतर वारा सुरू झाला की पूल बंद करतील. निघताना गाडीत पासपोर्ट, कागद, औषधं, पाणी, आणि निघायच्या आधी घरातल्या सगळ्या वस्तूंचा एक व्हिडिओ, विम्याला लागतो.

उद्यमबाग_वेदर
९ ऑक्टोबर, रात्री १२:०५

मी हवामानाचा नाद असलेला साधा माणूस, वर्कशॉपमध्ये काम करतो. काकूंना एक उपयोगाचं सांगतो म्हणजे दिवसभर मोबाईल बघायला नको. हरिकेन सेंटरचं मुख्य बुलेटिन तिकडच्या घड्याळानं पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ ला निघतं. आपण साडेनऊ तास पुढं. म्हणजे आपल्याकडं दुपारी २:३०, रात्री ८:३०, मध्यरात्री २:३० आणि सकाळी ८:३०. किनाऱ्याला इशारा लागला की मध्ये अजून एक छोटं बुलेटिन येतं, ते आपल्या ५:३० आणि ११:३० ला. ह्या वेळा सोडून जे काय यूट्यूबवर दिसतंय ते सगळं जुनंच परत परत दळण दळलेलं असतंय, ते बघून नुसतं बीपी वाढतंय.

कॅटेगरीचा आकडा पण फक्त वाऱ्याचा असतो. ताशी १५७ मैल आणि वर गेला की ५, काल मिल्टन १८० मैलांपर्यंत गेलेलं, म्हणजे जवळजवळ २९० किलोमीटर. पाणी किती चढणार ते त्या आकड्यात नाही. पुढं जाऊन ते ३ वर आलं तर खूश होऊ नका, समुद्रात आधी जे पाणी उठलंय ते लगेच खाली बसत नाही.

आणि तिकडचा अंदाज एवढा बारीक का असतो तर ते लोक विमान घालतात हो वादळात. हवाई दलाची एक तुकडी आणि त्यांच्या हवामान खात्याची विमानं, दोन्ही. डोळ्यातनं आरपार जातात आणि वरनं नळकांडी सोडतात, ती खाली पडता पडता दाब, वारा, तापमान सगळं रेडिओवर सांगत जाते. कालचा दाब ८९७ मिलिबार आला तो असाच मोजलेला. आपल्या अरबी समुद्रात वादळ आलं की अशी विमानं नसतात, आपलं हवामान खातं उपग्रह, किनाऱ्यावरची रडारं आणि समुद्रात तरंगणाऱ्या बोयांवर भागवतं. एवढ्यावर त्यांनी तौक्ते, बिपरजॉय बरोबर पकडली हे मला तरी भारी वाटतं, पण हे म्हटलं की लोक वाद घालायला येतात.

निपाणी_एक्सप्रेस
९ ऑक्टोबर, रात्री १२:२०

फोटो काढले बरं काय, सॉरी काकू. आणि ते विमानात बसणारे लोक डोक्यानं बरे असतात काय?

शहापूरची_काकू
९ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

निघाला. रात्री परत फोन केला, ह्यांना पण बोलायला लावलं. ते आधी म्हणत होते त्याला कळतंय, पण तो महापौर बाईंचा व्हिडिओ बघितल्यावर गप्प झाले आणि स्वतःच म्हणाले, निघ रे, चर्चा नको. ब्रँडनला त्याच्या ऑफिसातल्या एका तेलुगू मित्राचं घर आहे, त्यांची दोन लहान मुलं, वर अजून एक फॅमिली आलीय, घर भरलंय. गाडी सोसायटीत ठेवू नको म्हटलं होतं तुम्ही सांगितल्यावर, ती पण घेऊन गेला. एरवी पाऊण तासाचा रस्ता, तीन तास लागले. रस्त्याच्या कडेला हेलनमध्ये भिजलेले सोफे, गाद्या, फ्रिज अजून तसेच पडलेत म्हणे, उचललेच नाहीत, वारा सुटला तर ते सगळं उडत येणार म्हणून लोक अजून घाबरलेत. तिथल्या वैनींनी इडल्या करून घातल्या त्याला. माझा जीव निम्मा भांड्यात पडला.

उद्यमबाग_वेदर
९ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

बरं झालं. आत्ताचं बुलेटिन बघितलं, परत कॅटेगरी ५ आहे, ताशी १६० मैल. पण रेघ टँपाच्या जरा दक्षिणेला सरकलीय, सारासोटाच्या बाजूला. ह्यात एक गोष्ट आहे. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. पश्चिम किनाऱ्यावर ते आलं की केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडनं जमिनीकडं, पाणी आत ढकलतो. उत्तरेला वारा जमिनीकडनं समुद्राकडं, पाणी बाहेर ओढतो. केंद्र टँपाच्या खाली गेलं तर खाडीत पाणी चढायच्या ऐवजी उतरेल, वर गेलं तर सगळं घरात. वीस-पंचवीस मैलांचा खेळ आहे, आणि एवढं बारीक आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणून निघाला तेच बरोबर, नंतर पाणी आलं नाही तरी उगाच गेलो असं त्यानं म्हणू नये.

शहापूरची_काकू
९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

८:३० चं बघितलं. ४ वर आलंय म्हणतात. मुलाचा मेसेज आला, जोराचा पाऊस सुरू झालाय, खिडक्यांना प्लायवूड मारलंय, बाथटब पाण्यानं भरून ठेवलाय. टबात पाणी कशाला ते कळलं नाही.

नंदगडकर_ऑर्लँडो
९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

लाईट गेली, नळ गेला की टॉयलेटला टाकायला. आपल्याकडं बॅरल भरून ठेवतो तेच. आमच्याकडं पण भरलाय. आता एक ध्यानात ठेवा, रात्री फोन लागला नाही तर लगेच वाईट विचार करू नका. टॉवर पडतात, चार्जिंग संपतं. लँडफॉल, म्हणजे वादळ जमिनीवर चढणं, इकडच्या रात्री आहे, म्हणजे तुमच्याकडं पहाटे.

खानापूरची_वैनी
१० ऑक्टोबर, सकाळी ६:४०

काकू जागे आहात काय? टीव्ही लावला तर सगळ्या चॅनेलवर रतन टाटा गेल्याची बातमी, वादळाचं कुठंच काही नाही. खूप वाईट वाटलं. फ्लोरिडाचं काय झालं?

उद्यमबाग_वेदर
१० ऑक्टोबर, सकाळी ६:५५

लागलं. आपल्या सकाळी ६ ला, तिकडं रात्री ८:३०. सारासोटाजवळ सिएस्टा की नावाच्या बेटावर, कॅटेगरी ३, ताशी १२० मैल. म्हणजे टँपाच्या दक्षिणेला. मी नवरात्रातल्या दुर्गामाता दौडीला बाहेर पडलेलो, सगळे भगवे फेटे घालून पुढं आणि मी मागं मोबाईल बघत बघत, दोनदा धडकलो लोकांना. खाडीतलं पाणी उतरायलंय, माप उलटं जायलंय. पण पाऊस भयानक आहे टँपाच्या खाडीपलीकडच्या सेंट पीटर्सबर्गला.

शहापूरची_काकू
१० ऑक्टोबर, सकाळी ७:२०

जागीच आहे. मेसेजला एकच टिक आहे साडेचारपासनं. देवाला दिवा लावून बसलेय.

नंदगडकर_ऑर्लँडो
१० ऑक्टोबर, सकाळी ९:०५

काकू, माझी लाईट आहे अजून, वारा जोरात आहे. ब्रँडनच्या बाजूला सगळा अंधार आहे, लाखो घरांची वीज गेलीय. एक टिक म्हणजे फोन बंद एवढंच. पाण्याचं मोठं संकट टळलंय त्या बाजूचं, आणि तो समुद्राजवळ नाहीच आहे आता. झोपा जरा, उपवासाचं अंग आहे.

शहापूरची_काकू
१० ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

आला फोन!! बरा आहे. लाईट नाही, टॉवर नव्हता, मित्राच्या गाडीत बसून चार्ज करून बोलला. अंगणातलं ओकचं झाड कुंपणावर पडलं, घराला काही नाही. मुलं रात्रभर रडली म्हणे, हा त्यांना गोष्टी सांगत बसलेला, मराठीत, त्यांना कळतच नव्हतं तरी ऐकत होती. त्याच्या सोसायटीत पाणी आलंच नाही. आता म्हणतो बघ आई, उगाच आलो. मी म्हटलं उद्यमबागचे दादा काय म्हणाले ते वाच आधी.

सगळ्यांचे आभार. नंदगडकर भाऊ, तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना?

नंदगडकर_ऑर्लँडो
१० ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

आम्ही ठीक. पूर्वेच्या किनाऱ्यावर मात्र वाईट झालं, सेंट लुसी काउंटीत वादळ पोचायच्या कितीतरी तास आधी टोर्नेडो आले आणि माणसं गेली. तिकडं कोणाचं लक्षच नव्हतं, सगळे टँपाकडं बघत होते ना. सेंट पीटर्सबर्गला १८ इंचाच्या वर पाऊस झालाय, आपल्या खानापूरकडच्या धो धो पावसाच्या कणकुंबी-आमगावचे लोक पण तोंडात बोट घालतील. तिथल्या बेसबॉल स्टेडियमचं कापडाचं छत पार फाटून गेलंय, आणि नळाचं पाणी उकळून प्या म्हणून सांगितलंय.

मुलाला सांगा, मित्रानं जनरेटर लावला तर घरात किंवा गॅरेजमध्ये लावायचा नाही, बाहेर लांब ठेवायचा. वादळानंतर धुरानं गुदमरून मरणारे दरवर्षी असतात. पडलेल्या तारांच्या जवळच्या पाण्यात पाय घालायचा नाही. आणि घरी जायची घाई नको, काउंटीनं परत या म्हटल्यावरच जायचं.

शहापूरची_काकू
१० ऑक्टोबर, रात्री ८:४०

अजून एक विचारते, रागावू नका. तो म्हणाला तिथं जवळ कुठली तरी नदी आहे, अलाफिया की काय, तिचं पाणी चढायलंय. समुद्र झाला, आता नदी. ती ब्रँडनच्या कुठल्या अंगाला आहे?

नंदगडकर_ऑर्लँडो
१० ऑक्टोबर, रात्री ९:००

रागवायचं काय त्यात, बरोबर विचारलंत. दक्षिणेला आहे. पाऊस थांबला तरी नदी पुढचे काही दिवस चढत राहते, वरचं सगळं पाणी खाली यायला वेळ लागतो. त्याला म्हणा लिथिया नावाच्या ठिकाणची पातळी बघत राहा, हवामान खात्याच्या साईटवर नदीचा आलेख असतो, पुढच्या दिवसांचा अंदाज पण त्यातच असतो. मित्राचं घर ब्रँडनच्या उत्तरेच्या भागात असेल तर काळजी नाही. दक्षिणेला असेल तर मला रस्त्याचं नाव विचारून सांगा, मी बघून देतो.